नकाशामागचं वाक्य

१

परीक्षक हसले, आणि तिथून सगळं सुरू झालं.

ते शिक्षक महाविद्यालयातून आले होते. जाडजूड, खेळकर गृहस्थ. अमेरिकेतल्या आमच्या हाल्वोर गावच्या शाळेत त्या शुक्रवारी काउंटीची, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची, इंग्रजी व्याकरण स्पर्धा होती आणि अंतिम फेरीतल्या चार मुलांची उत्तरं चार फळ्यांवर लिहिलेली होती. कुठला फळा कोणाचा हे परीक्षकांना कळू नये म्हणून मुलांना आधीच तळघरात जेवायला पाठवलेलं असे. परीक्षक पहिल्या फळ्यासमोर थांबले, दुसऱ्यासमोर थांबले, आणि तिसऱ्यासमोर येऊन मोठ्याने हसले.

"हे बघा! या तीन नंबरच्या विधवेने स्वतःलाच नांगरून टाकलंय!"

मी दाराशी वेळ मोजायचं घड्याळ घेऊन उभी होते. मला हसू आलं नाही. कारण मुलं बाहेर पडली तेव्हा तीन नंबरचा फळा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि तो बिनचूक होता.

तेव्हा आमच्याकडे व्याकरण रेघा ओढून शिकवत. आता ती पद्धत गेली, ती शाळाही गेली. एक आडवी रेघ काढायची, तिच्यावर कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. बाकीचे शब्द खाली तिरक्या रेघांवर लटकवायचे, दोरीवर कपडे टाकतात तसे. 'हरसेल्फ' हा शब्द मुलांना फार छळायचा, कारण इंग्रजीत तो एकाच रूपात दोन वेगळी कामं करतो. 'तिने स्वतःला आरशात पाहिलं' म्हटलं की तो कर्म होऊन रेघेवर बसतो. काढून टाकला तर वाक्य लंगडं होतं. 'तिने स्वतः दार उघडलं' यात तो नुसता जोर देतो; काढला तरी वाक्य उभं राहतं. म्हणून तिथे त्याला कर्त्याशेजारी कंसात ठेवायचं. पोरं कंस विसरत आणि मग भलतेच अर्थ निघत.

त्या दिवशीचं वाक्य असं होतं: त्या वसंतात विधवेने स्वतः शेत नांगरलं, आणि मुलांनी स्वतःलाच जेवू घातलं. पहिला शब्द कंसात, दुसरा रेघेवर. तीन नंबरवर दुसरा बरोबर होता. पहिला मात्र कंसातून निघून रेघेवर कर्माच्या जागी आला होता, आणि बिचारं शेत खाली कुठेतरी लोंबत होतं.

तीन नंबरचा फळा लिओना फेट्झरचा होता. ड्राय क्रीकच्या एका खोलीच्या शाळेतली आठवीची मुलगी. तिचा बाप मागच्या हिवाळ्यात गेला होता, आणि तिची विधवा आई त्या क्षणी खाली तळघरात, काळ्या कोटात, निकालाची वाट बघत बसली होती.

२

पहिल्या नंबराला कप आणि गावात राहून हायस्कूलची चारही वर्षं शिकण्याची सोय मिळे. दुसऱ्याला एकाच वर्षाची. खेड्यावरच्या मुलांचं शिक्षण एरवी आठवीला संपायचं. रोज गावात यायचं कसं आणि राहायचं कुठे? लॉवेल ओसेन नावाचा गावातलाच मुलगा पहिला आला, त्याला राहण्याच्या सोयीचा तसा उपयोगही नव्हता. लिओना दुसरी आली.

तिने निकाल ऐकला आणि मान खाली घातली. रडली नाही. तिचा काका एमिल फेट्झर मात्र थेट वर वर्गात गेला, फळा बघून आला आणि जिन्यावरूनच ओरडला.

"ही चूक आमच्या पोरीची नाही! ही तर झोपेतसुद्धा असलं लिहिणार नाही. कोणीतरी पुसून बदललंय."

"एमिल, हळू बोल," कोणीतरी म्हणालं.

"का हळू बोलू? जर्मनांची पोर जिंकलेली तुम्हा नॉर्वेवाल्यांना बघवत नाही, हे काय मला आज कळलंय?"

एवढ्यावरही ते निभावलं असतं. पण मीही म्हणाले, फळा बरोबर होता, मी पाहिला होता. मग सगळ्या माना एकीकडे वळल्या. मुलं जेवत असताना वर्गाच्या बंद दारासमोर खुर्ची टाकून एकच बाई बसली होती: सिग्ने हुल्ट. तो वर्ग तिचा, आणि लॉवेल तिचा विद्यार्थी.

"आत कोण गेलं होतं, मिस हुल्ट?" शाळा मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मी गेले होते. वाऱ्याने खिडकी आपटत होती, ती लावायला."

"आणखी कोण?"

सिग्नेने क्षणभर जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

झालं. तिने स्वतःच स्वतःला कोंडून घेतलं.

पुढच्या गुरुवारी मंडळाची बैठक होती. तोवर खुलासा झाला नाही तर सिग्नेला काढून टाकायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. अशा कारणाने काढलेल्या मास्तरणीला अख्ख्या राज्यात कोणी ठेवून घेत नसे. सिग्ने चाळिशीला आलेली, एकटी, आणि शिकवण्याखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं. छडाही लावायचा होता, आणि तो लावायचं काम आल्मा टॉर्सनबाईंवर आलं.

टॉर्सनबाई काउंटीच्या सगळ्या शाळांच्या अधीक्षक. मी त्यांच्या कचेरीत मदतनीस होते. उंच, हाडकुळ्या, कायम धुळीने माखलेल्या मोटारीतून हिंडणाऱ्या. त्यांच्यासमोर मुलं खोटं बोलत नसत. मोठी माणसं बोलत, पण त्यांचे कान लाल होत.

"सोल्विग, फळे पुसून घे," सगळे गेल्यावर त्या मला म्हणाल्या. "सोमवारी वर्ग भरायचाय. तीन नंबरचा मात्र राहू दे."

मी डस्टर घेतलं. मुलांच्या आकृत्या एका हातात निघाल्या. मग समोरच्या मोठ्या फळ्याकडे गेले. तिथे स्पर्धेचं वाक्य होतं. बाईंनी ते आदल्या दिवशी दुपारी लिहून त्यावर भिंतीवरचा गुंडाळी नकाशा ओढून ठेवला होता. आमच्याकडे तशीच रीत होती. स्पर्धेच्या वेळी नकाशा वर सोडला की वाक्य सगळ्यांना एकदम दिसे.

मी डस्टर फिरवलं. वाक्य तसंच राहिलं. आणखी जोर लावला. अक्षरं थोडी फिकी झाली, पण प्रत्येक वळण स्पष्ट वाचता येत होतं.

"बाई, हे निघत नाही."

टॉर्सनबाई चष्मा शोधत पुढे आल्या. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग फळ्याच्या कोपऱ्यात खडूने एक रेघ ओढली आणि डस्टरने पुसली. ती लगेच निघाली.

"सोल्विग," त्या हळूच म्हणाल्या, "हे वाक्य माझंच आहे. पण हे मी लिहिलेलं नाही."

३

शनिवारी सकाळी आम्ही सिग्नेकडे गेलो. तिने कॉफी केली आणि कप मांडताना बशी पाडली. बाजूच्या खोलीत एक छोटी खाट दिसत होती. खेड्यावरची मुलं स्पर्धेच्या आदल्या दिवशी गावातल्या शिक्षकांकडे उतरत. लिओना सिग्नेकडे उतरली होती.

"पोरगी कशी वाटली तुला?" टॉर्सनबाईंनी विचारलं.

"फार गुणी आहे हो." सिग्नेचा चेहरा जरा सैल झाला. "गुरुवारी शाळा सुटल्यावर मला मुलांच्या गाण्याच्या तालमीला बसायचं होतं, तर तिला वर्गातच थांब म्हटलं. परत येऊन बघते तर काय, सगळे फळे धुऊन चकाचक! कोणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, अगं पाहुणी ना तू? तर म्हणते, आमच्या शाळेत ज्याचं काम संपतं तो फळा धुतो."

"रात्री काही बोलली?"

"जेवली नाही नीट. मला वाटलं, स्पर्धेची धास्ती. ब्लाउजला इस्त्री करून दिली तर दहा वेळा आभार मानले."

टॉर्सनबाईंनी कप खाली ठेवला.

"सिग्ने, खिडकी लावायला गेलीस तेव्हा तीन नंबरकडे बघितलंस?"

"बघितलं."

"बरोबर होता?"

"बरोबर होता. आल्मा, मी लॉवेलला पाच वर्षं शिकवलंय, पण हिचा फळा बघून मला लाज वाटली. इतका सुंदर होता."

"मग त्यानंतर आत कोण गेलं?"

"कोणी नाही, म्हटलं ना!"

सिग्नेचे कान लाल झाले होते.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "बाई, ती काहीतरी लपवतेय."

"ते तर तिच्या कॉफीवरूनच कळलं. इतकी पचपचीत कॉफी सिग्ने करत नाही." त्या इंजिन चालू न करताच बसून राहिल्या. "पण काय लपवतेय ते बघ. ती आत गेली तेव्हा फळा बरोबर होता, हे तिने कबूल केलं. गुन्हेगार कशाला असं सांगेल? चुकीचाच होता म्हणाली असती तर सुटली असती."

ओसेनांच्या घरी मिसेस ओसेननी दारातच अडवलं.

"माझ्या मुलाने चोरी केली म्हणायचंय का तुम्हाला? त्याचा कप आत्ता नेऊन टाका! आम्हाला नकोय तुमचा कप!"

"आई, आत येऊ दे ना त्यांना," आतून लॉवेल म्हणाला. पोरगा ताडासारखा वाढलेला, आवाज नुकता फुटलेला. तो लोण्याच्या पावाचा तुकडा हातात घेऊनच बाहेर आला.

"तू तिचा फळा पाहिलास?" बाईंनी विचारलं.

"पाहिला. माझं लिहून झाल्यावर. शपथेवर सांगतो, नंतर मी काही बदललं नाही. तिचं कंसातच होतं."

"मग तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी हरलो होतो." त्याने आईकडे पाहिलं नाही. "खाली जेवताना मी तिला तसं सांगितलंसुद्धा. म्हटलं, घे, कप तुझाच. तर ती एकदम पांढरी पडली. कुडकुडत होती. तळघरात गारठा किती असतो माहितीये ना? तिच्या अंगावर नुसता ब्लाउज. मी माझं जाकीट देत होतो."

"ओहो!" मिसेस ओसेन म्हणाल्या. "घरात लाकडं आणायला सांगितली तर जाकीट सापडत नाही याला!"

"आई!" तो लाल झाला. "तिने घेतलंच नाही. ताटातला गरम हॉटडिशही तसाच टाकला आणि उठून गेली. नंतर निकालाच्या वेळी बघितलं तर तिने स्वतःचा निळा स्वेटर घातला होता, तेव्हा बरं वाटलं."

टॉर्सनबाईंनी त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की त्याने पाव चघळणं थांबवलं.

"निळा स्वेटर," त्या म्हणाल्या. "सोल्विग, मुलं आकृत्या काढत होती तेव्हा तो स्वेटर कुठे होता?"

मी डोळे मिटले आणि वर्ग आठवला. चार फळे, चार पाठमोरी मुलं. आणि तीन नंबरशेजारच्या खुर्चीच्या पाठीवर काहीतरी निळं.

४

"म्हणजे लिओना परत वर्गात गेली होती!" गाडीत मी जवळजवळ ओरडलेच. "आणि सिग्नेने तिला आत सोडलं!"

"स्वेटर आणायला. अंगात थंडी भरलेलं पोर, सिग्ने नाही म्हणणार नाही. आणि नियम काय आहे? निकालाआधी जो पुन्हा आत जाईल तो बाद."

मला सिग्नेची ती थबकलेली नजर आठवली. तिने खरं सांगितलं असतं तर लिओनाचं दुसरं बक्षीसही गेलं असतं. ते एक वर्ष राहावं म्हणून ती गप्प होती.

"पण बाई, मग आणखी अवघड झालं. आत गेली ती लिओना. तिने स्वतःचं बरोबर उत्तर कशाला बिघडवावं?"

"मलाही तेच कळत नाही." त्यांनी फळ्यावरच्या न पुसणाऱ्या वाक्याविषयी एक शब्द काढला नाही, पण त्यांच्या कपाळावरची आठी मोडली नव्हती. "सोमवारी ड्राय क्रीकला जाऊ."

सोमवारी वारा सुटला होता. कुंपणांना वाळकी काटेरी झुडपं अडकली होती आणि रस्त्यावर धूळ उभी राहत होती. ड्राय क्रीकची शाळा माळावर एकटीच, तिला रंग देऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही पोचलो तेव्हा शाळा सुटत होती. तिथली शिक्षिका पोरगेलीशीच, जूनमध्ये तिचं लग्न होतं आणि तिचं लक्ष आधीच तिकडे लागलं होतं. टॉर्सनबाई मागच्या बाकावर बसल्या. लिओना बाहेर पंपावर पाणी भरत होती.

एक सहासात वर्षांची मुलगी ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी आली. एकच फळा आणि त्याच्यावर अमेरिकेचा नकाशा ओढलेला. ती स्टुलावर चढली, नकाशाच्या दांडीला हात घातला, तो झर्रकन वर सोडला आणि मागचा फळा पुसायला लागली.

"बाळ," टॉर्सनबाई म्हणाल्या, "मागे काय लिहिलंय ते बघितलंस का आधी?"

मुलीने मागे वळून पाहिलं. तिला प्रश्नच कळला नाही.

"नकाशा नेहमी खालीच असतो," शिक्षिकेने सांगितलं. "वरती ठेवला की त्याची स्प्रिंग सुटते आणि तो पोरांच्या डोक्यावर येतो. फळा हवा असला की मुलं वर करतात."

मी टॉर्सनबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला, जणू धूळ गेली असावी.

"आमच्या गावात," त्या मला हलकेच म्हणाल्या, "पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं की नकाशा खाली असला की त्याच्यामागे बाईंची परीक्षा असते. त्याला हात लावायचा नाही. ही गोष्ट इतकी साधी की ती पाहुण्या मुलीला सांगायचं कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही."

बाहेर पंपाचा दांडा करकरत होता. मग तो थांबला. लिओना बादली घेऊन दारात उभी होती, आणि तिने नकाशा वर गेलेला पाहिला होता.

५

आम्ही तिला शाळेमागे, वाऱ्याच्या आडोशाला नेलं. तिने बादली खाली ठेवली नाही. टॉर्सनबाईंनीच ती तिच्या हातातून घेतली.

"लिओना, मी बोलते. चुकलं तर सांग. गुरुवारी तू फळे धूत होतीस. समोरचा धुवायला नकाशा वर केलास, तुमच्याकडे करतात तसा. ओलं फडकं हातात, मनात दुसरंच काही. आधी पुसलंस आणि मग वाचलंस."

लिओनाने बादलीकडे पाहिलं.

"अर्धं पुसल्यावर तुझ्या लक्षात आलं की हे परीक्षेचं वाक्य आहे. मग तू घाबरलीस आणि जसंच्या तसं परत लिहून काढलंस. अक्षर आपल्या सगळ्यांचं एकाच कित्त्यावरून आलेलं, मला चष्म्याशिवाय फरक कळला नाही. पण फळा ओला होता. ओल्यावर लिहिलेला खडू वाळला की धरून बसतो, कोरड्या डस्टरने निघत नाही. मुरलेली मास्तरीण ओल्या फळ्यावर कधी लिहीत नाही. तेव्हा ते सिग्नेचं काम नव्हे, हे मला शुक्रवारीच कळलं होतं. कोणाचं हे मात्र आत्ता कळलं."

"मला वाटलं, सिग्नेबाईंना सांगावं," लिओना म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "त्या आल्या आणि म्हणाल्या, किती गुणी गं तू. मग नाही सांगता आलं."

"आणि शुक्रवारी?"

"मी ठरवलं होतं मुद्दाम चुकायचं. पण खडू हातात घेतला आणि... हात आपोआप बरोबरच लिहीत गेला. तसं ते मला आदल्या दिवशी न बघताही आलं असतं, बाई! खरंच आलं असतं!"

"माहीत आहे मला."

"पण आता कसं कळणार ते? मलासुद्धा कधी कळणार नाही." ती आता भराभर बोलत होती. "खाली लॉवेल म्हणाला, कप तुझाच. समोर आई बसली होती. आई बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मला ते बघवेना. मी वर गेले. सिग्नेबाईंना म्हटलं स्वेटर राहिला. त्या म्हणाल्या, जा, पटकन ये. मी पुसलं आणि बदललं. नीट, रेघ परत ओढून. खाडाखोड दिसली असती तर कोणीतरी विचारलं असतं."

मला तो व्यवस्थित फळा आठवला. परक्याचं वाकडं करायला आलेल्याने नुसता हात फिरवून चिखल केला असता. इतक्या काळजीने माणूस फक्त स्वतःचंच बिघडवतो.

"मी दुसरी आले तेव्हा वाटलं, चला, फिटलं," लिओना म्हणाली. "मी कोणाचं काही घेतलेलं नाही."

टॉर्सनबाईंनी हातातली बादली खाली ठेवली.

"तुझ्या घरी तुला काही सांगितलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सगळे म्हणतायत, फळा सिग्नेने बदलला. लॉवेलला जिंकवायला. येत्या गुरुवारी तिला शाळेतून काढणार आहेत. आणि ती तुझं नाव घेत नाही, कारण घेतलं तर तू बाद होशील."

लिओनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या मुलीच्या तोंडून जो आवाज आला तो मी नंतर इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणाकडून ऐकला नाही.

"तुम्ही सांगा ना त्यांना, बाई! आत्ता जाऊन सांगा!"

"सांगू शकते. गुरुवारपर्यंत कोणी बोललं नाही तर सांगणारच आहे, सिग्नेला मी बळी जाऊ देणार नाही. पण मी सांगितलं तर तू पकडलेली मुलगी होशील. तू सांगितलंस तर नाही होणार. दुसरं बक्षीस मात्र दोन्हीकडून जाईल. तुझ्यापासून ते लपवत नाही."

लिओनाने बादली उचलली. अर्धं पाणी सांडलं होतं. ती पंपाकडे परत गेली आणि पुन्हा भरू लागली.

६

गुरुवारी मंडळाच्या खोलीत बसायला जागा नव्हती. एमिल फेट्झर सर्वांत पुढे. सिग्ने एका बाजूला, चर्चला जाताना घालायची ती टोपी घालून. तिच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या, लोक भिंतीशी उभे होते तरी.

अध्यक्षांनी सिग्नेला पुन्हा तोच प्रश्न विचारला. सिग्नेने पुन्हा तेच उत्तर दिलं. टॉर्सनबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि उठण्यासाठी खुर्चीच्या हातांवर भार दिला.

तेवढ्यात दार उघडलं. लिओना आत आली, मागे काळ्या कोटातली तिची आई.

"तू कशाला आलीस?" एमिल म्हणाला. "कॅथरीना, हिला घरी ने. आपण जिंकतोय इथे."

"तिला बोलू द्या, एमिल," आई म्हणाली. "मला गाडीत सांगितलंय तिने."

लिओना टेबलासमोर उभी राहिली आणि बोलली. फडकं, नकाशा, ओला फळा, स्वेटर. काहीच सोडलं नाही. सांगताना ती सिग्नेकडे बघत नव्हती, टेबलाच्या कडेकडे बघत होती. बोलून संपल्यावर एमिलचाच आवाज पहिला आला.

"मूर्ख पोरी! ते एक वर्ष तरी राहिलं असतं ना तुझं!"

"एमिलकाका, ते वर्ष सिग्नेबाईंच्या नोकरीवर चाललं असतं."

एमिलने मान वळवली. सिग्ने उठून उभी राहिली.

"तिला आत मी सोडलं. नियम मी मोडला, तिने नाही. ती लहान आहे."

"तरी बाद तीच होणार, मिस हुल्ट," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "नियम तो नियम."

मत घेतलं गेलं. सिग्नेची नोकरी राहिली. लिओनाचं नाव काढलं. अध्यक्षांनी सिग्नेशी हात मिळवला आणि म्हणाले, "मग सोमवारपासून नेहमीसारखं!" तेव्हा भिंतीशी उभे असलेले लोक एकदम पुढे येऊन तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. मिसेस ओसेन म्हणाल्या, "मला तर आधीपासूनच खात्री होती हं." सिग्ने त्यांच्याकडे बघत राहिली. फेट्झर मायलेकी कधी निघून गेल्या ते मला कळलंच नाही. बाहेर जाऊन पाहिलं तर त्यांची गाडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कचेरी उघडत होतो तर सिग्ने पायरीवर बसलेली.

"आल्मा, ड्राय क्रीकची शिक्षिका जूनमध्ये जातेय ना?"

"जातेय. का?"

"मला ती शाळा हवी."

टॉर्सनबाईंनी किल्ली कुलपातच राहू दिली.

"वेडी आहेस का? कालच तुझी नोकरी वाचली. तिथे पंप गोठतो. शेगडी तुलाच पेटवावी लागेल. पगार इथल्या निम्मा."

"त्या लोकांनी आठवडाभर माझ्याबद्दल ते खरं मानलं, आल्मा. अकरा वर्षं त्यांची मुलं शिकवली मी. आता मला त्यांच्याकडे बघून शिकवता येणार नाही."

"हे तुझं खरं कारण आहे?"

सिग्नेने हातमोजे काढले आणि परत घातले.

"तुमच्या कचेरीतून हायस्कूलचे धडे पोस्टाने मागवता येतात ना? शिक्षिका देखरेखीला असली तर?"

"येतात. पण ड्राय क्रीकची शाळा आठवीपर्यंत आहे. नववीचा वर्गच नाही तिथे, सिग्ने."

"आहे," सिग्ने म्हणाली. "एक मुलगी आहे."